दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बेंबीजवळची जखम पुन्हा उघडली आणि बायोप्सीत ‘टीबी’ आला. एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) सुरू करायची का?

प्रश्न कोपरखैरण्याहून एका मुलीने विचारला आहे. आई ५४ वर्षांच्या, शुगर आहे. अडीच महिन्यांपूर्वी पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी टाके काढले तेव्हा जखमा कोरड्या होत्या. पाचव्या आठवड्यात बेंबीजवळ वाटाण्याएवढी गाठ आली, ती लाल झाली, फुटली, आणि तेव्हापासून तिथून पातळ पाणी येतं. ताप नाही, फारसं दुखत नाही. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. पुवाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काही वाढलं नाही. मग जखम खरवडली, त्या तुकड्याचा रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमा, क्षयरोगाची शक्यता’ असा आला आणि सहा महिन्यांची एकेटी सुरू करायला सांगितलं. घरात आईंचं ताट-पेला वेगळा झालाय, त्या नातवाला जवळ घेत नाहीत. विचारलंय की गोळ्या सुरू करायच्या का, आणि बाळाला धोका आहे का.

आधी बाळाचं सांगतो. ऑपरेशनआधी आईंच्या छातीचा एक्स-रे काढला असेलच. तो स्वच्छ असेल आणि त्यांना खोकला नसेल, तर नातू आजीच्या मांडीवर आजच बसू दे. मला ज्या जंतूची शंका आहे तो अशा जखमेतून घरातल्या माणसांना लागत नाही. ड्रेसिंग झाकलेलं ठेवा, ते बदलल्यावर हात साबणाने धुवा, एवढं पुरे. ताट-पेला पुन्हा एकत्र करा. आजारापेक्षा या वेगळं पडण्यानेच माणूस जास्त खचतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

आता गोळ्यांचं. थांबा, पण नुसतं थांबू नका. जे वर्णन तुम्ही लिहिलंय ते वाचून माझ्यासारख्या कुठल्याही सर्जनच्या मनात पहिलं नाव टीबीचं येऊ नये. ते यावं टीबीच्या चुलतभावांचं. मायकोबॅक्टेरियम या घराण्यात क्षयाचा जंतू आहे, कुष्ठरोगाचा आहे, आणि त्याशिवाय पाण्यात-मातीत राहणारे दीडशेहून अधिक आहेत. त्यांतले तीन शस्त्रक्रियेच्या जखमांना फार त्रास देतात: फॉर्चुइटम, चेलोनी आणि अॅब्सेसस. चेलोनी १९०३ साली बर्लिनमध्ये समुद्री कासवांच्या फुफ्फुसांत सापडला, म्हणून कासवाच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव. अॅब्सेससचं वर्णन १९५३ साली गुडघ्याच्या संसर्गाच्या एका रुग्णावरून झालं. आम्ही त्यांना एनटीएम म्हणतो, म्हणजे क्षयाचे नसलेले मायकोबॅक्टेरिया. हे नळाच्या पाण्यात, इमारतीच्या टाकीत, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात निवांत जगतात. पाणी शुद्ध करायला घालतात त्या क्लोरीनला ते सहज दाद देत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली टीबीच्या आणि एनटीएमच्या जखमा सारख्याच दिसतात. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने न मरणाऱ्या शत्रूभोवती घातलेलं कुंपण. कुंपण पाहून आतला चोर कोण हे कळत नाही. तुमच्या पॅथॉलॉजिस्टने ‘शक्यता’ लिहिलंय, ते बरोबरच आहे. त्या एका शब्दावर सहा महिन्यांची औषधं सुरू करणं मात्र घाईचं आहे. एकेटीतली नेहमीची चार औषधं या तीन जंतूंवर जवळजवळ निरुपयोगी आहेत. आई सहा महिने गोळ्या घेतील, लघवी केशरी होईल, लिव्हरवर ताण येईल, ‘निक्षय’ या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत नाव जाईल, आणि बेंबीतून पाणी येतच राहील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००६ साली वर्तकनगरच्या एका रिक्षाचालकाचं हर्नियाचं ऑपरेशन मी दुर्बिणीतून केलं होतं, आत जाळी बसवली होती. दीड महिन्याने पोर्टच्या जागी, म्हणजे दुर्बीण आत घालायला पाडलेल्या छिद्रापाशी, अशीच गाठ आली. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा आला आणि मी एकेटी सुरू केली. तिसऱ्या महिन्यात त्याला कावीळ झाली. जखम आहे तशीच, उलट शेजारी दुसरं तोंड उघडलेलं. घरचा कमावता तो एकटा, सीटवर बसला की पँटचा बेल्ट नेमका जखमेवर यायचा. शेवटी मी एका मायक्रोबायॉलॉजिस्ट बाईंना फोन केला. त्यांनी एकच गोष्ट विचारली, “डॉक्टर, तुकडा कशात घालून पाठवला होता?” मी म्हणालो, फॉर्मलिनमध्ये. त्या म्हणाल्या, “मग जंतू तुम्हीच मारून पाठवलात. मी काय वाढवू?”

त्या दिवसापासून माझ्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अशा प्रत्येक रुग्णासाठी दोन बाटल्या तयार असतात, आणि या उत्तरात मला सगळ्यात जोर देऊन सांगायचंय ते हेच. जखमेतला तुकडा काढला की टेबलावरच ब्लेडने त्याचे दोन भाग करायचे. एक फॉर्मलिनमध्ये, तो पॅथॉलॉजीला. दुसरा निर्जंतुक सलाइनचे चार थेंब घातलेल्या कोरड्या बाटलीत, तो मायक्रोबायॉलॉजीला, आणि तोही त्याच दिवशी. लहान हॉस्पिटलांत बहुतेक वेळा सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो, कारण ओटीत तीच एक बाटली हाताशी असते. चूक कुणा एकाची नसते, पण पुढचे चार महिने त्या बाटलीमुळे वाया जातात. कापसाच्या काडीवर घेतलेला पूही पुरत नाही. हे जंतू पुवात थोडे आणि पोकळीच्या भिंतीत जास्त असतात.

लॅबच्या फॉर्मवर काय लिहिलंय त्यालाही तितकंच महत्त्व आहे. साध्या कल्चरची प्लेट ४८ तासांत काही वाढलं नाही तर ‘नो ग्रोथ’ म्हणून टाकून देतात. या जंतूंना ‘लवकर वाढणारे’ म्हणतात ते क्षयाच्या जंतूच्या तुलनेत. त्याला कित्येक आठवडे लागतात, यांना तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त. म्हणजे प्लेट कचऱ्यात गेल्यानंतर यांची वाढ दिसायची वेळ येते. तुमच्या आईंचा ‘नो ग्रोथ’ रिपोर्ट किती दिवसांनी दिला होता ते तारखा लावून बघा. फॉर्मवर स्पष्ट लिहून घ्या: एनटीएमची शंका, मायकोबॅक्टेरियाचं कल्चर हवं, प्लेट किमान दोन आठवडे ठेवावी, आणि एक संच ३० अंशांवरही ठेवावा. चेलोनीला ३७ अंशांची ऊब मानवत नाही. लॅबच्या माणसाला आपण काय शोधतोय हे सांगितलं नाही, तर तो नेहमीचंच शोधणार.

तुकड्यावर तीन तपासण्या एकत्र व्हायला हव्यात: आम्लरोधक (आम्लाने धुतलं तरी रंग न सोडणाऱ्या) जंतूंचा स्मिअर, म्हणजे काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, जीनएक्स्पर्ट ही जनुकांची चाचणी आणि कल्चर. जीनएक्स्पर्ट फक्त क्षयाचा जंतू ओळखतो. स्मिअरमध्ये लाल काड्या भरपूर दिसल्या आणि जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आला, तर एनटीएमची शक्यता इतकी वाढते की मी त्याच दिवशी एकेटीचा विचार बाजूला ठेवतो. उलट जीनएक्स्पर्ट पॉझिटिव्ह आला तर तो खराच टीबी. पोर्टच्या जागी टीबी होतो, क्वचित होतो, पण होतो. मग एकेटी हेच औषध, ती सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि तेव्हा एक दिवसही दवडू नका. माझं म्हणणं एकेटीच्या विरोधात नाही, पुराव्याशिवाय दिलेल्या एकेटीच्या विरोधात आहे.

आधीची बायोप्सी पूर्ण वाया गेलेली नाही. लॅबकडे मेणात बसवलेला ब्लॉक असतो. तो मागून घ्या, अर्ज केला की मिळतो. त्यावरून नवी काच करून आम्लरोधक जंतूंसाठी पुन्हा रंगवता येते. त्यातून जंतू वाढवता येत नाहीत, पण दिसला तर दिशा मिळते.

नव्याने तुकडा घेण्याआधी, आईंची तब्येत ठीक असेल आणि उपचार करणारे डॉक्टर मान्य करत असतील, तर दहा-पंधरा दिवस अँटिबायोटिक पूर्ण बंद ठेवावं. अर्धवट दाबलेला जंतू कल्चरमध्ये येत नाही. पाच-पाच दिवसांचे कोर्स बदलत राहणं तर पूर्ण थांबवा. त्यानेच हे जंतू औषधांना सरावतात.

हे सगळं सावकाश करायला वेळ आहे का, असं तुमच्या मनात येईल. तुमच्या आईंच्या बाबतीत आहे, आणि त्याचं कारण तारखांमध्ये आहे. ऑपरेशननंतर पहिल्या ४८ तासांत जखम बिघडली तर आम्ही धावतो. तेव्हा बहुधा स्ट्रेप्टोकोकस किंवा गॅस गँगरीनवाला क्लॉस्ट्रिडियम असतो आणि तासातासाला मांस कुजत जातं. चौथ्या दिवसापासून पुढे दोन आठवडे नेहमीची मंडळी, स्टॅफिलोकोकस आणि आतड्यातले जंतू. जखम पूर्ण भरून, माणूस कामाला लागून, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर ती पुन्हा उघडली, तापाशिवाय, पातळ पाण्यासारख्या स्रावाने, तर आमच्या मनात एनटीएम. क्वचित नोकार्डिया निघतो, तोही थोडासा आम्लरोधक, फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखा दिसणारा, आणि त्याचं औषध अगदी वेगळं. आत राहिलेल्या न विरघळणाऱ्या टाक्याभोवती नुसती गाठही होते. सिझेरियनच्या व्रणाजवळ दर पाळीला दुखणारी गाठ असेल तर ते एंडोमेट्रिओसिस, जंतूच नाही.

एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा, आईंसाठीच नाही, घरातल्या कुणाच्याही ऑपरेशनसाठी. बाहेरून जखम फारशी वाईट दिसत नाही पण वेदना सहन होत नाही, कातडी ताणलेली आणि जांभळट, दाबल्यावर पापड मोडल्यासारखं चुरचुरतं, नाडी धावतेय, माणूस गोंधळून बोलतोय. अशा वेळी रिपोर्टची, उद्या सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले तरी आयसीयू आणि सर्जन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. तिथे जीव वाचतो तो कुजलेलं मांस वेळेत कापून काढल्याने, अँटिबायोटिक त्याच्या जोडीला. स्कॅनच्या रांगेत घालवलेले दोन तास तिथे महाग पडतात.

पुन्हा आईंकडे. निदान पक्कं झालं की उपचाराचे दोन पाय आहेत, आणि एकावर जखम चालत नाही. पहिला पाय ऑपरेशन. खरवडणं नाही, तर ती वाट मुळापासून काढणं. मी जखमेच्या तोंडातून थोडं निळं द्रव्य सोडतो, म्हणजे वाट जिथवर जाते तिथवर रंगते. मग कातडीचा डोळ्याच्या आकाराचा तुकडा धरून त्या निळ्या नळीसकट खाली पोटाच्या पांढऱ्या पडद्यापर्यंत जातो. आत बहुतेक वेळा भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फिकट, मऊ दाणे दिसतात, आणि तळाशी पोर्ट बंद करताना घातलेला टाका. तो टाका ठेवला तर आजार ठेवला. जंतू त्याला शेवाळासारखे धरून बसतात आणि औषध तिथे पोचत नाही. माझ्या रिक्षावाल्या रुग्णाची जाळी शेवटी काढावी लागली, तेव्हाच तो सुटला.

दुसरा पाय औषधं. किमान दोन, आणि दोन्ही त्या जंतूवर चालतात असं संवेदनशीलतेच्या रिपोर्टवर दिसणारी. एकच औषध दिलं तर जंतू त्याला सरावतो. फॉर्चुइटम त्यातल्या त्यात सरळ: सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमॉक्साझोल यांतल्या चालणाऱ्या दोन गोळ्यांवर पुष्कळदा भागतं. चेलोनीत क्लॅरिथ्रोमायसिन हा कणा. अॅब्सेसस सगळ्यात हट्टी. तिथे सुरुवातीचे काही आठवडे अमिकासिन आणि जोडीला इमिपेनेमसारखी इंजेक्शनं लागतात, नंतर लिनेझोलिड, क्लोफाझिमिन वगैरे. अॅब्सेससचा रिपोर्ट वाचताना एक फसगत होते. क्लॅरिथ्रोमायसिन तिसऱ्या-पाचव्या दिवशी ‘चालतं’ असं दिसतं, पण या जंतूच्या बऱ्याच वाणांत असं एक जनुक असतं की औषध समोर आलं की हळूहळू प्रतिकार जागा होतो. म्हणून लॅबने ती चाचणी १४ दिवस ठेवून पुन्हा वाचायला हवी. तुमच्या रिपोर्टवर १४ व्या दिवसाचा निकाल आहे का, हे विचारा. एवढं विचारलंत तरी समोरचे डॉक्टर वही पुढे ओढून बसतील.

मुदत साधारण चार महिने किंवा जास्त, हाडापर्यंत गेलं असेल तर सहा. जखम महिन्याभरातच कोरडी दिसायला लागते आणि तिथेच माणसं गोळ्या सोडतात. तुमच्या आईंनाही वाटेल की आता कशाला. तेव्हा तुम्हीच खंबीर राहा.

आईंना शुगर आहे म्हणून थोडं जास्त लिहितो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्यांबरोबर घेतली तर साखर एकदम खाली येऊ शकते. पहिले पंधरा दिवस घरच्या मशीनवर रोज मोजा, आणि घाम, थरथर, गोंधळ दिसला की वाट न बघता साखर द्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना नावासकट दाखवा. त्यातल्या काही क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर चालत नाहीत, स्नायूंना इजा होते. अमिकासिन देणार असतील तर आधी कानाची तपासणी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), आणि ते मध्ये मध्ये पुन्हा. कानात शीळ वाजतेय असं आई म्हणाल्या तर त्याच दिवशी कळवा, कारण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. लिनेझोलिड लांबलं तर दर आठवड्याला रक्तातल्या पेशी, आणि पायाला मुंग्या किंवा नजर धूसर झाली तर लगेच फोन. आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर आटोक्यात आणा, नाहीतर बाकी सगळं बरोबर करूनही जखम भरायला दुप्पट वेळ घेईल.

घरी जखमेला नळाचं पाणी थेट लावू नका. घोडबंदर रोडवर एप्रिल-मेमध्ये टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांतल्या रुग्णांना मी हे दर उन्हाळ्यात सांगतो, आणि तुमच्याकडेही ते तितकंच लागू आहे. ड्रेसिंग सलाइनने. आंघोळीला वर प्लॅस्टिक चिकटवा. हळद, खोबरेल, कुणी सांगितलेली पावडर, काहीही बेंबीत घालू नका. आजीच्या काळापासूनची माया त्यात असते, मला कळतं, पण या जखमेला ती मानवत नाही.

हा जंतू आईंच्या पोटात आला कुठून? बहुधा उपकरणांवरून. दुर्बिणीच्या ऑपरेशनची हत्यारं लांब, पोकळ, सांध्यांची आणि वरून इन्सुलेशनचं आवरण असलेली असतात. त्या फटींत रक्त-मांसाचा कण राहतो. दोन केसेसच्या मध्ये वेळ कमी, म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाच्या ट्रेमध्ये वीस मिनिटं बुडवली जातात. वीस मिनिटांत निर्जंतुकीकरण होत नाही. त्या द्रावणात खरं निर्जंतुकीकरण व्हायला सुमारे दहा तास लागतात. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो राज्यात २००६-०७ साली दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर याच कुळातल्या जंतूची साथ आली होती, हजारावर संशयित रुग्ण होते, आणि तो वाण २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडलाही पुरून उरत होता.

मी २००६ साली ऑपरेशन केलं ते एक लहान नर्सिंग होम होतं. माझ्या रुग्णामागोमाग तिथे आणखी दोघांच्या जखमा अशाच उघडल्या तेव्हा मी सकाळी सात वाजता ओटीत जाऊन उभा राहिलो आणि पहिल्या केसपासून सगळं बघितलं. सिस्टर नीट काम करत होत्या. घड्याळ लावून हत्यारं ट्रेमध्ये, घड्याळ वाजल्यावर बाहेर. मग द्रावणाचा वास आणि जळजळ जावी म्हणून त्यांनी ती दुसऱ्या ट्रेमधल्या पाण्यात खंगाळली. पाणी कुठलं विचारलं. म्हणाल्या, “काल रात्री उकळून ठेवलेलं, सर.” पिंपावर झाकण नव्हतं. तळाला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. आम्ही निर्जंतुक करत होतो आणि शेवटच्या पायरीवर परत जंतू लावत होतो, मी स्वतः ती हत्यारं हातात घेऊन रुग्णाच्या पोटात घालत होतो. त्यानंतर हत्यारं पूर्ण सुटी करून ब्रशने धुणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) चालेल ती १२१ किंवा १३४ अंशांवर ऑटोक्लेव्ह, न चालणारी ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅस किंवा प्लाझ्मा यंत्रात, आणि खंगाळायचंच असेल तर फक्त निर्जंतुक पाणी, एवढं लागू केलं. दिवसाला चारच्या जागी तीन केसेस व्हायला लागल्या. चालेल.

म्हणून शेवटी एक काम तुमच्याकडे सोपवतो. निदान पक्कं झालं की ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथल्या सर्जनना जाऊन भेटा आणि रिपोर्टची प्रत द्या. राग येणं साहजिक आहे, पण भांडायला म्हणून जाऊ नका. त्यांना विचारा, “त्या आठवड्यात आणखी कुणाची जखम उघडली का?” आईंच्या आधी किंवा नंतर त्याच ट्रेमधल्या हत्यारांनी ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांच्यातलं कुणीतरी कदाचित आत्ता चौथं अँटिबायोटिक घेत बसलेलं असेल, किंवा एकेटीचा तिसरा महिना मोजत असेल. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट फक्त त्या रिपोर्टच्या प्रतीमुळेच पोचू शकते.